दम वाढवायला सलग पोहावं की थांबत थांबत?
सलग दहा मिनिटं पोहायचा हट्ट नवख्याला महागात पडतो. दम लागला की डोकं वर येतं, पाय बुडतात आणि पुढे सरकण्याऐवजी माणूस पाण्याशी झगडत राहतो. बऱ्याचदा मूळ कारण एकच: पाण्यात तोंड असताना श्वास नीट सोडलेलाच नसतो.

त्यापेक्षा २५ मीटर पोहून २०-३० सेकंद काठ धरा. आठ वेळा केलं तरी २०० मीटर होतात, तेही हातपाय ताळ्यावर ठेवून. जमू लागलं की आधी विश्रांती कमी करा, मग अंतर वाढवा. मला हेच पटतं.

सलग पोहणं अगदीच टाकाऊ नाही. समुद्रात किंवा ट्रायथलॉनला (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) धरायला काठ नसतो. तिथे उतरायची वेळ येईपर्यंत सलग पोहणं आठवड्यातून एकदा पुरे, आणि मुद्दाम संथ.