चार परदेश दौऱ्यांनंतर कॅमेरा बॅग: सगळा जीव एका रनरमध्ये

या बॅगेत किती लेन्स मावतात, किती लिटरची आहे, ते सगळं कंपनीने लिहिलेलंच आहे. ते परत सांगत नाही. पाठीकडून उघडणारी, केबिनमध्ये नेता येणारी बॅग, अकरा महिने वापरली. लिहायचंय ते चेनबद्दल, कारण चौथ्या दौऱ्यात परतताना तिने दगा दिला.

विमानतळावर तपासणीला कॅमेऱ्याची बॉडी बाहेर काढायला लावली. परत ठेवली, चेन ओढली. रनर, म्हणजे चेन लावणारी सरकती कडी, सरसर पुढे गेला आणि त्याच्या मागे चेन उसवल्यासारखी उघडत गेली. बॅग उचलली तशी ७०-२०० लेन्स फटीतून अर्धी बाहेर आली. पोटाशी धरली म्हणून वाचली. ट्रेमध्ये माझा कमरेचा पट्टा होता, तोच बॅगेभोवती आवळला आणि गेटवर गेलो.

तिथे केबिन भरली म्हणून बॅगा विमानाच्या पोटात टाकायला घेत होते. अशा वेळी सुट्या लिथियम बॅटऱ्या काढून जवळ ठेवाव्याच लागतात, कारण त्या चेक-इन सामानात चालत नाहीत. पण पट्ट्याने बांधलेली बॅग द्यायची कशी? आधी जास्त मूल्य जाहीर केलं नसेल तर विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार सामानाची भरपाई दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआरच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) वर जात नाही. माझी ती एक लेन्स त्याहून महाग आहे. सुदैवाने माझ्या आधीच त्यांचा आकडा पूर्ण झाला.

घरी येऊन कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'ही वापरातली झीज आहे, वॉरंटीत बसत नाही.' अकरा महिन्यांत झीज? बॅग स्वखर्चाने पाठवा, मग पाहू, म्हणाले. सहा आठवडे मेल चालले. शेवटी चेन मीच भिंगाखाली धरली. दात शाबूत होते. रनरची दोन पानं मागच्या बाजूला फाकली होती, त्यामुळे दात एकमेकांत दाबलेच जात नव्हते. समुद्रकाठची वाळू आणि कोपऱ्यावर ठासून भरलेलं सामान, दोन्हीचा ताण रनरवरच येतो. पक्कड घेऊन मागच्या कडा थोड्या थोड्या दाबल्या, एकदा डावी, एकदा उजवी. चेन बसली. एवढ्यासाठी सहा आठवडे! कंपनीने एक सुटा रनर पाकिटात घालून पाठवला असता तर हे लिहिलंही नसतं.

दोन महिन्यांनी पुढे लिहितोय. दाबलेला रनर पुन्हा सैल झाला, म्हणून नवा बसवला. तो घेताना पाठीवरचा नंबर बघा. माझी चेन आठ नंबर कॉइलची, म्हणजे वेटोळ्या दोऱ्याच्या दातांची आहे, तिला मोठ्या प्लास्टिक दातांचा रनर चालत नाही. आता दौऱ्यावर एक जास्तीचा रनर आणि छोटी पक्कड नेतो. पक्कड मात्र चेक-इनच्या बॅगेत.

कुलपाबद्दलचं मतही बदललं. दोन रनर एकत्र करून कुलूप लावलं की निर्धास्त, असं मी समजत होतो. मग स्वतःच्याच बॅगेवर करून पाहिलं. बॉलपेनचं टोक दातांमध्ये खुपसलं की कॉइलची चेन उघडते, आणि कुलूपबंद रनर त्यावरून फिरवले की पुन्हा बंद होते. मागमूस राहत नाही. हॉटेलच्या खोलीत बॅग ठेवून निर्धास्त फिरायला जायचो, ते त्या दिवसापासून बंद. पाठीकडून उघडण्याचा मात्र पहिल्या दौऱ्यात मला राग यायचा, कारण लेन्स बदलायला दर वेळी बॅग उतरवावी लागते. आता भर गर्दीच्या मेट्रोत ती चेन माझ्या पाठीला चिकटलेली असते आणि तिच्यापर्यंत कोणाचा हात पोचत नाही. ही या बॅगेची खरी किंमत.

वजनाची तक्रार कायम आहे. रिकामी बॅगच २.१ किलो. केबिनची मर्यादा ७ किलो असली की सामानाला पाचही उरत नाहीत. बॅटऱ्यांची काळजी नको. ७.२ व्होल्ट, २,२८० एमएएच म्हणजे १६.४ वॉट-तास, विमानात मर्यादा १०० ची. फक्त टोकांवर चिकटपट्टी लावा. प्रत्येक वस्तूच्या सिरीयल नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवतो आणि निघताना कस्टममध्ये नोंद करतो, म्हणजे परतताना ही परदेशात घेतलेली खरेदी नाही हे दाखवता येतं. विम्याच्या कागदात 'लक्ष नसताना चोरी' हे कलम काय म्हणतं ते आधी वाचा.

बॅग बदलणार का? नाही. शिवण एका जागी उसवलेली नाही, पॅडिंग दबलेलं नाही, आणि चांगली वस्तू एका रनरसाठी टाकून देणं मला जमत नाही. पाचपैकी तीन देतो. कापलेले दोन्ही गुण चेनचे.