अर्वाइन: पायवाटांना पाच तारे, हेलॉकला दोन

कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत, अर्वाइनमध्ये घर बघायला गेलात की एजंट आधी स्वयंपाकघर दाखवतो, मग शाळांचं कौतुक करतो आणि शेवटी मागचं दार उघडून म्हणतो, "आणि ही ट्रेल!" ट्रेल घराच्या किमतीत धरलेलीच असते. पुढे किंमत वाढली की बँकेचं पत्र येतं: तुमच्या घरात एवढी इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा तुमचा वाटा) नुसती पडून आहे, हेलॉक घ्या. हेलॉक म्हणजे होम इक्विटी लाइन ऑफ क्रेडिट. घर गहाण ठेवायचं आणि क्रेडिट कार्डासारखे लागतील तसे पैसे उचलायचे. एकाच वस्तीत खपणाऱ्या या दोन गोष्टींचं परीक्षण एकत्रच केलेलं बरं.

आधी पायवाटा. सान डिएगो क्रीक ट्रेल ही इथली मुख्य वाट. डांबरी, जवळजवळ सपाट, शहराच्या मधून निघून थेट अपर न्यूपोर्ट बेपर्यंत जाते. क्रीक म्हटलं तरी बराचसा भाग पूरनियंत्रणाचा कालवाच आहे. झुळझुळ ओढ्याची अपेक्षा ठेवू नका. सान वाकीन मार्शच्या बाजूला मात्र बगळे आणि पाणकावळे हमखास दिसतात. खरी सोय अशी की मोठे रस्ते ओलांडायला सिग्नलवर थांबावं लागत नाही, वाट पुलांखालून जाते. गैरसोयही तिथेच. पाऊस पडला की या भुयारांत पाणी शिरतं, आणि ओसरल्यावर जो पातळ चिखल उरतो त्यावरून सायकल घसरते. पावसानंतरचे एक-दोन दिवस वरच्या रस्त्याने गेलेलं बरं. सावली कमी आहे, त्यामुळे उन्हाळ्यात नऊच्या आत परत यावं. उजवी बाजू धरून चाला. मागून "ऑन युअर लेफ्ट" ऐकू आलं की दचकून डावीकडे सरकू नका. ई-बाइकवाल्या पोरांशी टक्कर होते ती नेमकी त्यामुळेच.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना न्यायचं असेल तर वुडब्रिजच्या दोन तळ्यांभोवतीची वाट सगळ्यात चांगली. चढ नाही, बसायला बाकं आहेत, लाकडी पूल आहे. क्वेल हिलची मातीची वाट सुंदर, पण सावली अजिबात नाही. पावसानंतर तीन दिवसांपर्यंत बंद ठेवतात आणि वसंतात रॅटल स्नेक निघतात. वाटेच्या मधून चालायचं, गवतात पाय घालायचा नाही.

आता पैशाची बाजू. या वाटांवर चालायला कोणी कागद मागत नाही. वुडब्रिजच्या लगूनमध्ये पोहायला किंवा एखाद्या असोसिएशनच्या तलावात उतरायला सभासदत्व लागतं, पण शहराच्या ट्रेलवर भाडेकरू आणि मालक एकाच वाटेने चालतात. फरक बिलात असतो. मालकाला मालमत्ता कर (मूळ दर करआकारणी मूल्याच्या 1 टक्का, आणि 1978 च्या प्रॉप 13 या कायद्यामुळे ते मूल्य वर्षाला 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही), त्याखाली मेलो-रूसची (वस्तीतले रस्ते, शाळा अशा सोयींसाठीच्या विशेष कराची) वेगळी ओळ, शिवाय एचओएची (घरमालकांच्या असोसिएशनची) वर्गणी. नव्या वस्त्यांत मेलो-रूस दशकानुदशकं चालू राहतो. घर घेण्याआधी मागच्या वर्षीचं कराचं बिल मागून ही ओळ बघा. जाहिरातीतल्या मासिक हप्त्यात ती बहुधा नसते.

ट्रेलवरून घरांची पाठ दिसते, आणि हेलॉकचं परीक्षण सुरू करायला ती जागा उत्तम. पुढून सगळी घरं सारखीच. एचओए रंगसुद्धा ठरवून देतं. मागे मात्र भिंतीवरून डोकावणारे पॅटिओचे छप्पर, दगडी बार्बेक्यू, कारंज्याचा पोहण्याचा तलाव, काचेची रेलिंग. घरखर्चातून हे होत नाही. 2003 ते 2006 या काळात यातलं बरंच घराच्या वाढत्या किमतीवर कर्ज काढून झालं. ऋण काढून सण, आणि सणही असा की दर दोन वर्षांनी परत. कर्ज विकणारेही इथलेच: सबप्राइम (पत कमी असलेल्यांना दिलेल्या) कर्जांतली बडी कंपनी न्यू सेंच्युरी फायनॅन्शियल हिचं मुख्यालय अर्वाइनमध्येच होतं, आणि 2 एप्रिल 2007 ला तिने दिवाळखोरी जाहीर केली.

इक्विटी कशी खाल्ली जाते ते आकड्यांत बघा. समजा 5 लाख डॉलरचं घर, 1 लाख भरले, 4 लाखांचं कर्ज. किंमत 8 लाख झाली. बँक एकूण कर्ज किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत नेते, म्हणजे 6 लाख 40 हजार. त्यातले 4 लाख आधीचे, उरलेल्या 2 लाख 40 हजारांची हेलॉक. सगळी उचलली आणि किंमत 5 लाख 80 हजारांवर आली, की 60 हजारांनी घर पाण्याखाली, म्हणजे कर्ज किमतीहून जास्त. गंमत म्हणजे घर अजूनही खरेदीपेक्षा महाग आहे! त्या काळातल्या बऱ्याच मालकांना चढ्या भावात घर घेतल्याचा फटका बसला नव्हता. त्यांनी मधला नफा आधीच खर्च करून टाकला होता. कोणी किती उचललं हेही लपत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा इथे काउंटी रेकॉर्डरकडे डीड ऑफ ट्रस्ट नोंदला जातो, आणि ती नोंद कोणालाही बघता येते.

हप्त्याचा भाग विक्रेता घाईत सांगतो, म्हणून इथे सावकाश. हेलॉकला साधारण 10 वर्षांचा ड्रॉ पीरियड (पैसे उचलण्याचा काळ) असतो, त्यात फक्त व्याज भरायचं. नंतरची 20 वर्षं मुद्दलासकट हप्ता. व्याज म्हणजे प्राइम रेट (बँकांचा पायाभूत व्याजदर) अधिक बँकेचा मार्जिन, आणि प्राइम हलतो. 2022 च्या सुरुवातीला प्राइम 3.25 टक्के होता. मार्जिन अर्धा टक्का धरला तर 2 लाख डॉलरवर महिन्याला 625 डॉलर व्याज. जुलै 2023 मध्ये प्राइम 8.5 झाला, तेच व्याज 1500. याच दराला ड्रॉ पीरियड संपला तर हप्ता सुमारे 1800. एक पैसाही नवा न उचलता जवळजवळ तिप्पट. पहिल्या सहा किंवा बारा महिन्यांचा सवलतीचा दर बघून सही करू नका. कागदावर मार्जिन आणि कमाल दर शोधा. कमाल दर पुष्कळदा 18 टक्के असतो.

"अडीअडचणीला राहू दे" म्हणून हेलॉक काढून ठेवणाऱ्यांची आणखी एक चूक होते. घरांचे भाव बरेच पडले किंवा तुमची आर्थिक स्थिती बिघडली तर बँक लाइन गोठवू शकते, कायदाच तशी मुभा देतो. 2008 मध्ये असंच झालं: नोकऱ्या गेल्या, भाव पडले, लाइनही बंद. नोकरी गेल्यावर नवी लाइन मिळत नाही, कारण उत्पन्न दाखवावं लागतं. एच-1बी वाल्यांना तर दुसरी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस. सहा महिन्यांचा खर्च साध्या बचत खात्यात असेल तर तो कोणी गोठवत नाही.

मराठी घरांत चालणारा एक वापर वेगळा सांगायला हवा: हेलॉक उचलून पुण्यात फ्लॅट. 2008 च्या सुरुवातीला डॉलर साधारण 40 रुपयांचा होता. 2 लाख डॉलर म्हणजे 80 लाखांचा फ्लॅट. समजा तो दुप्पट झाला, 1 कोटी 60 लाख. 2023 च्या 83 रुपयांच्या दराने त्याचे डॉलर होतात 1 लाख 93 हजार. म्हणजे दुप्पट होऊनही डॉलरमध्ये मुद्दलसुद्धा निघालं नाही, आणि कर्ज डॉलरमध्ये फेडायचं. पुण्यातलं भाडं किमतीच्या दोन-तीन टक्के, हेलॉकचं व्याज त्याहून वर. शिवाय 2018 पासून गृहकर्जाच्या व्याजाची वजावट तारण ठेवलेलं घर विकत घ्यायला, बांधायला किंवा सुधारायलाच मिळते; पुण्याच्या फ्लॅटला नाही.

मग दोन तारे कशाचे? 2020-21 मध्ये 3 टक्क्यांच्या आसपास मूळ कर्ज मिळालेल्यांनी पैशांसाठी सगळं कर्ज नव्याने काढू नये. त्यांना छपराच्या किंवा स्वयंपाकघराच्या कामासाठी हेलॉक सोयीची. कंत्राटदाराला टप्प्याटप्प्याने द्यायचे, तेवढेच उचलायचे, आणि परतफेडीची तारीख स्वतः ठरवायची, तीन वर्षांच्या आतली. रक्कम एकदम लागणार असेल तर स्थिर दराचं होम इक्विटी लोन बरं.

सही केल्यावर पस्तावलात तर राहत्या घरावरच्या हेलॉकला तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत लेखी नकार देता येतो. इथे शनिवार मोजतात. रविवार आणि फेडरल सुट्ट्या सोडतात. आणखी एक फरक माहीत हवा: कॅलिफोर्नियात स्वतः राहण्यासाठीचं घर घेताना काढलेल्या मूळ कर्जासाठी बँक घरापलीकडे हात घालू शकत नाही. नंतर काढलेल्या हेलॉकला हे कवच नाही. पहिल्या बँकेने घर लिलावात काढलं तरी हेलॉकवाली बँक बाकीसाठी तुमच्यावर दावा लावू शकते.

फेडून मोकळे झालात तरी काम संपत नाही. शिल्लक शून्य झाली म्हणजे लाइन बंद झाली असं नाही. बोजा तसाच राहतो आणि घर विकताना एस्क्रोत (व्यवहार पुरा करून देणाऱ्या तटस्थ संस्थेकडे) अडकतो. पैसे भरतानाच लाइन बंद करण्याचं सहीचं पत्र द्या. पहिल्या दोन-तीन वर्षांत बंद केल्यास शुल्क लागतं का ते आधी विचारा. महिन्या-दोन महिन्यांनी काउंटी रेकॉर्डरच्या सूचीत आपलं नाव टाकून रीकन्व्हेयन्सची (बोजा उतरल्याची) नोंद आली का ते तपासा. नसेल तर बँकेला लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.