चिखलदऱ्याची घोडेस्वारी : वाघ मागू नका, खोगीर तपासा

परतवाड्याहून घाट चढून वर पोचलात की पॉइंटवर घोडेवाले गाठतातच. आम्ही अमरावतीकर दरवर्षी "नको भाऊ" म्हणून पुढे जातो. यंदा पोळ्यानंतर नागपूरचे साडूभाऊ सोबत होते, म्हणून बसलो.

साडूभाऊंची यादी तयारच होती. धबधबा, दरी, ढगातला फोटो, आणि मेळघाटात आलोच तर वाघ! घोडेवाला मिशीत हसला. "वाघ दिसला त घोडा थांबन का, भाऊ?" मेळघाटात जिप्सीतून फिरूनही वाघ दिसेलच असं नाही, इथे तर वाटेवर घुंगरं वाजवत चाललोय.

पंचबोल पॉइंटला सगळं पांढरं. ११०० मीटरच्या वर असल्यामुळे इथे ढग अंगावरच येतात, कुणाचं काही चालत नाही. साडूभाऊ पैसे वाया गेल्याच्या आवाजात ओरडले, आणि न दिसणाऱ्या दरीने तो आवाज परत केला. मग मात्र दहा मिनिटं ते हलेनात.

मला मजा आली ती परतीच्या पायवाटेवर. सागाची पानं अळीने खाऊन नुसती जाळी उरली होती, आणि घोड्यावरून ती अगदी नाकासमोर येतात. पायी चालताना आपण चिखलच बघतो. एकदा घोड्याचे दोन्ही कान डावीकडे वळले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने तिकडूनच वानराचा खाकरा आला. मानेवर घोडमाशी बसली की तेवढीच कातडी थरथरायची, बाकी घोडा ढिम्म. फुकटचं निसर्गदर्शन म्हणा.

आता तक्रार. रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) माझ्या मापाच्या नव्हत्या, सांगूनही दोरी बांधून भागवलं. उतारावर पोटऱ्या भरून आल्या. खोगिराखालचं पोतं ओलं होतं, त्याने घोड्याची पाठ सोलते. बसण्याआधी ते उचलून बघा, जखम असेल तर सरळ दुसरा घोडा घ्या. भाव आणि वाट आधीच ठरवा, नाहीतर चहाच्या टपरीपर्यंत चक्कर मारून आणतात आणि फोटोसाठी चारदा थांबवतात. डोंगर बघायचा असेल तर "फोटो नको, आतल्या वाटेनं चला" असं स्पष्ट सांगा.

मुलांसाठी सकाळची वेळ बरी. दुपारी गर्दीत घोडे बिचकतात, आणि शनिवार-रविवारी तर त्यांना तोबरा (तोंडाला बांधायची चाऱ्याची पिशवी) लावायलाही कुणाला सवड नसते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा घोड्याचा.