जुने आरपीजी खेळायला माउस बरा की रिमोट?

गणपतीला मुंबईहून आलेला आतेभाऊ परत जाताना एसटीत चढता चढता विचारून गेला, की जुने कॉम्प्युटरवरचे आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) परत काढतोय, बाल्डर्स गेट, फॉलआउट, डायब्लो वगैरे, तर चांगला माउस घेऊ की गेमपॅड (दोन्ही हातांत धरायचा बटणांचा रिमोट), दोन्हीला पैसे नाहीत. मी खिडकीखालून "पॅड घे" म्हणून ओरडलो आणि गाडी सुटली. घरी येईपर्यंत लक्षात आलं की त्याने घेतलेल्या तीन नावांपैकी दोघांसाठी मी चुकीचं उत्तर दिलंय. म्हणून आता नीट लिहितो.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. घर मालवणपासून जवळ, लॅपटॉप वायरने टीव्हीला जोडलेला, बसायला बाज. टेबल आहे एक पण त्यावर कायम काहीतरी असतं, मे महिन्यात कोकमं, गणपतीत मखराचं सामान, आणि पावसात त्याचं लाकूड असं दमट होतं की माउस सरकतच नाही, माउसपॅडला तर बुरशी आलेली मी स्वतः पुसलीय. माउसला सपाट आणि कोरडी जागा लागते, आणि जून ते सप्टेंबर आमच्याकडे तीच मिळत नाही. पॅडला (आमच्याकडे लहानपणापासून त्याला रिमोटच म्हणतात, कॅसेटवाल्या व्हिडिओगेमपासून) दोन हात सोडून काही लागत नाही. दुसरं कारण आई. डायब्लो सुरू असताना ती आतून विचारायची, "रात्रभर ता काय खुटखुटतंस रे?" तिची झोप व्हावी म्हणून मी पॅड घेतला, आवड वगैरे नंतर लागली.

आता मुद्द्याचा फरक. माउसमध्ये हात जेवढा सरकला तेवढा कर्सर सरकतो, म्हणजे तुम्ही थेट जागा दाखवता. पॅडच्या स्टिकमध्ये, म्हणजे अंगठ्याने वाकवायच्या काडीत, तुम्ही जागा नाही, वेग सांगता, जेवढी वाकवली तेवढ्या वेगाने कर्सर पळतो आणि सोडली की थांबतो. माडावर चढलेल्या माणसाला खालून सांगतो ना आपण, डावीकडे, अजून डावीकडे, बास बास, गेलं पुढे, मागे ये, तो घड... स्टिकने कर्सर हलवणं हे असं आहे. माउस म्हणजे घड हाताशी असणं. नारळ दोन्ही रीतींनी पडतो, प्रश्न एवढाच की गेममध्ये तासाला किती वेळा घड दाखवायला लागतो आणि चुकला तर कोणाच्या डोक्यात पडतो.

बाल्डर्स गेट घ्या. पहिला १९९८ चा, दुसरा २००० चा, आईसविंड डेल पण त्याच इंजिनावर (गेमच्या आतला मूळ सांगाडा). सहा माणसं तुमच्या हाताखाली, लढाई चालू वेळेत पण स्पेस दाबला की थांबते, आणि तुम्ही प्रत्येकाला काम सांगून परत सोडता. यात माउस काय काय करतो ते मोजा: चौकट ओढून तीन जणांना निवडणं, उजवं बटण धरून रांग कुठे तोंड करून उभी राहील ते फिरवणं, सामान एकाच्या पिशवीतून दुसऱ्याच्या फोटोवर टाकणं, आणि मंत्राचं वर्तुळ बरोब्बर जागी ठेवणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, आपलं-परकं बघत नाही. मी माउसचं काम पॅडच्या स्टिकला देऊन गेममधल्या नॅशकेलच्या खाणीत गेलो, कोबोल्ड नावाच्या छोट्या राक्षसांवर स्लीप हा झोपवायचा मंत्र टाकला, वर्तुळ दोन बोटं अलीकडे पडलं आणि माझेच पुढचे दोघं आडवे झाले. गेम थांबवलेला होता हो, घाई काहीच नव्हती! चूक कुठे होती ते दोन दिवसांनी कळलं, क्लिक मी स्टिक आत दाबण्यावर ठेवला होता आणि दाबताना अंगठा हलतोच हलतो. क्लिक आर१ वर (पॅडच्या वरच्या कडेचं, उजव्या तर्जनीखालचं बटण) नेला तेव्हा कुठे माणसं जागी राहायला लागली. तरीसुद्धा, हे सगळं करून, जी लढाई माउसने पाच मिनिटांत होते ती पॅडने बारा मिनिटं खाते. दर वेळी. दुसऱ्या भागात जिथे जादूगार एकमेकांची कवचं सोलत बसतात तिथे तर मी सरळ टेबलावरची कोकमं उचलतो आणि माउस लावतो.

एक अपवाद आहे. याच गेमच्या सुधारित आवृत्त्या २०१९ मध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विच या गेम खेळायच्या मशीनवर आल्या आणि त्यात पॅडसाठी वेगळी मांडणी केलीय, डाव्या स्टिकने माणसं थेट चालतात, कर्सर ढकलत बसायला लागत नाही. कोणाकडे यातलं मशीन आधीच घरात असेल तर पॅडवर बाल्डर्स गेट खेळायचा तोच रस्ता, कॉम्प्युटरवर पॅड चिकटवण्यापेक्षा कितीतरी बरा. पण त्यासाठी मशीन विकत घेऊ नका.

त्याच इंजिनावरचा प्लेनस्केप टॉर्मेंट (१९९९) मात्र मी डोळे झाकून पॅडवर खेळायला सांगेन, आणि इथे बरेच जण माझ्याशी भांडतात. अरे पण तो गेम खेळता किती आणि वाचता किती? त्यात आठ लाखांच्या आसपास शब्द आहेत. लढाया निम्म्या टाळता येतात, आणि ज्या टळत नाहीत त्यात हिरो मेला तरी परत उठतो, तो मरतच नाही हीच तर कथा आहे. म्हणजे नेम चुकल्याची शिक्षा जवळजवळ नाही. उरलं काय, तर उत्तर निवडणं, आणि उत्तरांना कीबोर्डचे १, २, ३ आकडे चालतात, ते पॅडच्या चार बाणांवर बसवले की पावसाळी रात्री गोधडीत पडून हा गेम कादंबरीसारखा वाचता येतो. माउस धरून टेबलावर वाकून आठ लाख शब्द वाचायचे असतील तर मानेचा पट्टा पण सोबत घ्या.

फक्त अक्षरं बघून घ्या. हे गेम मुळात ६४० गुणिले ४८० च्या स्क्रीनसाठी केलेले आणि माणूस स्क्रीनपासून हातभर लांब बसलेला. पॅड घेतला की माणूस आपोआप आठ फूट मागे सरकतो आणि मग डोळे बारीक करत बसतो. सुधारित आवृत्त्यांमध्ये अक्षरं मोठी करता येतात, ते पहिल्या दिवशी करा.

फॉलआउट (१९९७) आणि फॉलआउट २ (१९९८) बद्दल माझं मत दोनदा बदललंय. लढाई आळीपाळीने चालते, षटकोनी घरांवर, प्रत्येक हालचालीला ठराविक गुण (अॅक्शन पॉइंट) खर्च होतात, तुम्ही चहा पिऊन आलात तरी समोरचा विंचू थांबलेला असतो. त्यामुळे मला वाटलं पॅडला हा सगळ्यात सोपा. लढाईत सोपा आहेच, ए म्हणजे लढाई सुरू, बी म्हणजे हात बदल, स्पेस म्हणजे पाळी संपली, आय म्हणजे सामान, हे सगळं बटणांवर छान बसतं. (ही कीबोर्डची अक्षरं सांगतोय, पॅडवरच्या ए-बीशी गल्लत नको.) पण लढाई सोडून बाकीचा वेळ तुम्ही जमिनीवर पडलेल्या नखाएवढ्या वस्तू शोधत असता, तपकिरी मातीवर तपकिरी वस्तू, आणि वस्तू उजळून दाखवणारं बटण मूळ गेममध्ये नाहीच. माउसने स्क्रीनवरून हात फिरवून दोन सेकंदात जे सापडतं त्याला स्टिकने पूर्ण अंगण झाडायला लागतं. दुकानदाराशी अदलाबदल करताना एकेक वस्तू ओढून न्यायची, बटण धरून ठेवायचं आणि दुसऱ्या अंगठ्याने कर्सर ढकलायचा, चार वस्तूंनंतर मी फुकट देऊन टाकायला तयार असतो. म्हणून फॉलआउट माउसने. पॅडने होतो, पण माउसने.

डायब्लोला उलट. खरं म्हणजे तो आरपीजी आहे का यावरच भांडणं होतात, ती बाजूला ठेवा. एकच माणूस, सगळं त्याच्या आजूबाजूला, मारा आणि पळा. पहिल्या डायब्लोची प्लेस्टेशन आवृत्ती १९९८ मध्येच आली होती, म्हणजे पॅडवर हा बसतो हे लोकांना तेव्हाच कळलं होतं. मूळ गेमच्या फायली तुमच्याकडे असतील तर डेव्हिल्युशनएक्स नावाचं मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात पॅड थेट चालतो. डायब्लो २ ची २०२१ ची रिसरेक्टेड आवृत्ती तर पॅड लावल्यावर वेगळाच गेम वाटते, जुन्या खेळात डावं-उजवं असे दोनच क्लिक आणि बाकी एफच्या बटणांवर बोटांची कसरत, इथे सगळे मंत्र खाली बटणांवर मांडलेले. लांब एका ठराविक जागी मंत्र टाकायचा असेल तर माउस अजून पुढे आहे, गर्दीत पॅड स्वतःच ठरवतो कोणाला मारायचं आणि नेमका चुकीच्याला मारतो. तरी बोटांचा आणि आईचा विचार करता पॅड.

माणसाच्या पाठीमागून किंवा त्याच्याच डोळ्यांतून दिसणारे गेम पटकन संपवतो. मॉरोविंड (२००२) कॉम्प्युटर आणि एक्सबॉक्स दोन्हीकडे आला, कॉम्प्युटरवर ओपनएमडब्ल्यू या मोफत इंजिनातून पॅडने मस्त चालतो. स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक (२००३) आधी एक्सबॉक्सवरच आला, पण गंमत म्हणजे त्याच्या कॉम्प्युटर आवृत्तीत पॅडची सोय नाही, आणि दुसऱ्या भागाला ती २०१५ च्या अपडेटमध्ये मिळाली. नेव्हरविंटर नाइट्स (२००२) मध्ये उजव्या क्लिकवर आठ कप्प्यांचं गोल चाक उघडतं. चाक स्टिकने निवडणं माउसपेक्षा सोपं, कारण तिथे जागा नाही, फक्त दिशा दाखवायची असते. हेच चाक आता बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) पॅड लावल्यावर सगळीकडे दिसतं. तिथे तर पॅडचं बटण दाबलं की अख्खी मांडणी बदलते, आणि बटण धरून ठेवलं की आजूबाजूच्या वस्तूंची यादी येते. ती यादी फॉलआउटला असती तर वरचा परिच्छेद मी वेगळा लिहिला असता.

पॅड घ्यायचं ठरलंच तर जुन्या गेमसाठी स्टीम इनपुट (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्रॅममधली, पॅडच्या बटणांना कीबोर्ड-माउसची कामं वाटून द्यायची सोय) वापरा, दुसरीकडून घेतलेला गेम पण स्टीममध्ये जोडता येतो. माझी मांडणी: उजवी स्टिक कर्सर, डावी स्टिक नकाशा सरकवायला कीबोर्डचे बाण, क्लिक आर१ वर, उजवा क्लिक आर२ वर, स्पेस एल२ वर, बाल्डर्स गेटच्या सुधारित आवृत्तीतला वस्तू उजळणारा टॅब एल१ वर (आर२, एल१, एल२ ही पण वरच्या कडेचीच बटणं). क्लिक पॅडच्या ए बटणावर ठेवू नका, अंगठा स्टिकवरून उचलायला लागतो आणि तेवढ्यात नेम जातो. प्लेस्टेशन ४ चा पॅड मिळाला तर उत्तम, त्याच्यावर टचपॅड आहे आणि हात तिरका केल्यावर कर्सर हलवायची सोय पण आहे, मोठा पल्ला स्टिकने आणि शेवटचं बोटभर अंतर हात वळवून. यामुळे बाल्डर्स गेटची बारा मिनिटं आठवर आली माझी. एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये ही हात वळवायची सोय नसते, विकत घेताना बघा.

सिलेक्ट बटणावर मात्र न विसरता क्विकसेव्ह (खेळ जिथे आहे तिथे एका दाबात जपून ठेवणं) ठेवा. बाल्डर्स गेटला क्यू, फॉलआउटला एफ६. आमच्याकडे आषाढात लाईट विचारून जात नाही, माझ्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटं टिकते, आणि अंधारात कीबोर्डवर क्यू शोधण्यापेक्षा अंगठ्याखालचं बटण दाबणं सोपं.

आणि खारी हवा. मुंबईवाल्याला हे समजत नाही पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने पॅड घेताना हे आधी विचारायला हवं. साध्या पॅडच्या स्टिकमध्ये आत घासणारा भाग असतो, तो झिजला किंवा त्यात ओल-मीठ गेलं की स्टिक सोडली तरी कर्सर आपला हळूहळू वाहत जातो, होडीचा दोर सुटल्यासारखा. माझा पहिला पॅड दुसऱ्या पावसाळ्यात असा गेला, आणि त्याचं रबर इतकं चिकट झालं होतं की हाताला गूळ लागल्यासारखं वाटायचं. आता हॉल इफेक्टवाला घेतलाय, त्यात चुंबकाने मोजतात, घासाघासच नाही, आणि बाहेरून रबर नसलेला साधा प्लास्टिकचा. खेळून झालं की तांदळाच्या जुन्या डब्यात ठेवतो, पिशवीतून येणाऱ्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसकट. माउसचं तसं नाही, साडेतीनशेचा घ्यायचा, गेला की दुसरा.

तर आतेभावाला काय सांगू? बाल्डर्स गेट पहिल्यांदाच खेळत असशील तर साडेतीनशेचा माउस घे, कोपऱ्यातलं टेबल रिकामं कर, फॉलआउट पण त्यातच होईल. फक्त डायब्लोच आधी खेळणार असशील, किंवा खोलीत टेबल ठेवायला जागाच नसेल (डोंबिवलीची खोली मी बघितलीय, नाहीये), तर उरलेले पैसे जमव आणि हॉल इफेक्टवाला पॅड घे. प्लेनस्केपचं नाव त्याने घेतलं नव्हतं, ते मी दिवाळीत तो आला की काढणार आहे, पडवीत, माझ्याच पॅडवर.