कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेलं कार्ड वापरू नका

आईचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. तिचं वय झालंय, पण आठवण अजून पक्की आहे. तिच्या लहानपणाबद्दल ती जे सांगते ते आमच्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. फोनवर दोनदा प्रयत्न केला. एकदा मध्येच कॉल आला आणि रेकॉर्डिंग तुटलं, दुसऱ्यांदा फोनची मेमरी भरली. शिवाय समोर फोन धरला की आई अवघडते. पलीकडून कोणीतरी ऐकतंय असं तिला वाटत राहतं. म्हणून ठरवलं, खिशात मावेल असा, फक्त व्हिडिओ काढणारा, स्वस्तातला साधा कॅमेरा घ्यायचा.

त्यात मी फसले. नुसता कॅमेरा वाईट निघाला असता तर पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच्याबरोबर फुकट आलेल्या मेमरी कार्डाने जे नेलं ते परत मिळणार नाही. तुमच्यापैकी कोणी असा कॅमेरा बघत असेल तर हे सगळं वाचा. वेळ नसेल तर निदान कार्डाचं तरी वाचा.

असाच कॅमेरा माझ्या डोक्यात होता त्याला कारण आहे. २००७ साली ‘फ्लिप अल्ट्रा’ नावाचा छोटा कॅमेरा आला होता, त्यातला एक माझ्या बहिणीकडे होता. मागे लाल बटण. दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. बाजूने यूएसबीची पिन बाहेर यायची, ती सरळ कॉम्प्युटरला लावायची. चित्र ६४० बाय ४८० एवढंच, पण जे लिहिलं होतं ते मिळायचं. पुढे २००९ मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने ती कंपनी विकत घेतली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये तो धंदाच बंद केला. फोनचे कॅमेरे सुधारत गेले तशा बाकीच्या नावाजलेल्या कंपन्याही या स्वस्त गटातून निघून गेल्या. गरज मात्र संपली नाही. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांच्या हातात द्यायला, लोक असा कॅमेरा अजूनही शोधतात. त्या रिकाम्या जागेत आता जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं म्हणजे एकाच साच्यातला प्लास्टिकचा सांगाडा आणि त्यावर दहा वेगवेगळी नावं. मी हे ऑर्डर करण्याआधी तपासलं नाही. वस्तूचा फोटो इमेज सर्चला टाकला असता तरी दोन मिनिटांत कळलं असतं, कारण नंतर टाकला तेव्हा तोच कॅमेरा सात नावांनी समोर आला.

ऑनलाइन पानावर लिहिलं होतं: फोर-के व्हिडिओ, ४८ मेगापिक्सेल, १६एक्स झूम, १२८ जीबी कार्ड मोफत. खाली शेकडो अभिप्राय, बहुतेक पाच तारे. मी त्यातले वीस-पंचवीस वाचले. एकाने लिहिलं होतं, ‘पट्टा मनगटाला छान बसतो.’ कॅमेऱ्याला मनगटात अडकवायची दोरी असते, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंतर नीट वाचलं तेव्हा पुढच्या ओळीत गजर वेळेवर वाजतो असंही होतं. तो अभिप्राय घड्याळाचा होता! जुन्या, चांगल्या विकल्या गेलेल्या वस्तूच्या पानावर नवीच वस्तू चढवायची आणि तिचे तारे हिच्या खात्यात घ्यायचे, असा हा प्रकार. अभिप्रायांच्या अशाच पळवापळवीसाठी २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने व्हिटॅमिनच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीकडून सहा लाख डॉलर वसूल केले. त्यामुळे आता मी तारे मोजत नाही. सगळ्यात जुने अभिप्राय आधी उघडते आणि ते याच वस्तूबद्दल आहेत का ते बघते.

कॅमेरा हातात आला तेव्हाच तो फार हलका लागला. पुढे भिंगाभोवती रुंद काळी कडी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत झूमचे आकडे. वाटावं की एवढं मोठं भिंग आहे. उजेडात तिरका धरून पाहिलं तर कडीच्या आत साधी सपाट काच, आणि काचेच्या मागे खोलवर शर्टाच्या गुंडीपेक्षाही लहान खरं भिंग. झूमचं बटण दाबलं की आत काहीच हलत नव्हतं. खऱ्या ऑप्टिकल झूममध्ये भिंगं पुढे-मागे सरकतात. इथे नुसतं मधलं चित्र कापून मोठं केलं जात होतं, जे आपण फोनवर दोन बोटांनी करतो तेच. तरीही मी कॅमेरा ठेवून घेतला. घरात बसून बोलणाऱ्या माणसाचं रेकॉर्डिंग करायचं, झूम हवाय कशाला, असा विचार केला.

फोर-केचं खोटं नंतर उघड झालं. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. मी एक छापील पान भिंतीला लावलं आणि कॅमेरा एकाच जागी ठेवून त्याचं तीन वेळा चित्रीकरण केलं, आधी फोर-के निवडून, मग त्याहून कमी बारकावे टिपणारे १०८०पी आणि ७२०पी निवडून. तिन्ही चित्रं कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी ठेवून मोठी केली. बारीक अक्षरं तिन्हींत सारखीच विरघळलेली. फोर-केमध्ये एक अक्षरही जास्त वाचता येत नव्हतं, फक्त डाग मोठे झाले होते. ७२०पी म्हणजे १२८० बाय ७२०, साधारण सव्वानऊ लाख ठिपके. एका खऱ्या ठिपक्याचे नऊ करून फोर-के म्हणून विकायचं, असा सरळ हिशोब. याला इंटरपोलेशन म्हणतात, आणि विक्रीच्या पानावर अगदी खाली, माहितीच्या तक्त्यात, तो शब्द लिहिलेलाही होता. फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडत नाही. ते फाइलवर लिहिलेलाच आकडा सांगतं, चित्र आतून ताणलंय की नाही ते त्याला कळत नाही. छापील पानाची चाचणी मात्र घरात कोणीही करू शकतं.

आता कार्डाचं.

आईला खुर्चीत बसवलं, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि तीन संध्याकाळी रेकॉर्डिंग केलं. रोज साधारण चाळीस मिनिटं. कॅमेरा दर पाच मिनिटांनी आपोआप नवी फाइल करायचा. पडद्याच्या कोपऱ्यात किती मिनिटांची जागा शिल्लक आहे ते दिसायचं आणि तो आकडा नेमाने उतरत होता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. पहिल्या दिवशी आई शाळेबद्दल बोलली. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या बहिणीबद्दल, म्हणजे माझ्या मावशीबद्दल, जी मी पाहिलेलीच नाही. लहान वयात गेली ती. आई तिचं नाव सहसा काढत नाही. त्या संध्याकाळी ती स्वतःहून बोलली, मध्ये हसली, मावशीची नक्कल करून दाखवली. तिसऱ्या दिवशी लग्नानंतरचं सगळं.

चौथ्या दिवशी कार्ड लॅपटॉपला लावलं. चोवीस फाइली दिसत होत्या. नावं बरोबर, तारखा बरोबर, आकार प्रत्येकी नऊशे एमबीच्या आसपास. पहिल्या आठ चालल्या. नववी उघडली, आई खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “तुला तिचं सांगते.” मिनिटभर चाललं आणि चित्र राखाडी झालं. आवाजही गेला. दहावी उघडलीच नाही. त्यापुढची एकही उघडली नाही.

आधी वाटलं फाइली बिघडल्या असतील. फोटोरेक हे फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं, रात्रभर. काही आलं नाही. मग डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे कार्ड नेलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, “ताई, यात काही पुसलं गेलेलं नाही. यात लिहिलंच गेलं नव्हतं.”

त्याने समजावलं ते असं. कार्डाच्या आत खरी चिप आठ जीबीची होती. पण कार्डाच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्डाचं कामकाज चालवणाऱ्या भागात, फेरफार करून, कॅमेऱ्याने किंवा कॉम्प्युटरने विचारलं की ‘मी १२८ जीबी’ असं उत्तर द्यायला त्याला शिकवलेलं होतं. फाइलींच्या नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीला असते, ती खऱ्या जागेत बसते, म्हणून नावं आणि आकार बरोबर दिसतात. आठ जीबी भरल्यावर पुढचा डेटा येतो, कार्ड ‘लिहिलं’ म्हणतं आणि तो डेटा कुठेच जात नाही. काही खोटी कार्डं याहून वाईट असतात. ती पुन्हा सुरुवातीपासून लिहायला लागतात, म्हणजे जुनंही पुसलं जातं. माझ्या निदान पहिल्या आठ फाइली वाचल्या.

हे मला आधीच कळू शकलं असतं, याची रुखरुख सगळ्यात जास्त आहे. यासाठीची साधनं फुकट मिळतात. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ (H2testw), मॅक आणि लिनक्सवर ‘एफ-थ्री’ (F3). काम अगदी सरळ. कार्ड पूर्ण भरेपर्यंत त्यावर ठरावीक डेटा लिहायचा आणि मग तो सगळा वाचून ताडून बघायचा. खोटं कार्ड तिथे उघडं पडतंच. वेळ लागतो, ६४ जीबीचं कार्ड सेकंदाला २० एमबीने नुसतं लिहायलाच पाऊण तासाच्या वर जातं, वाचायला वेगळा. पण एकदाच करायचं असतं. कार्ड रिकामं असतानाच करा, आणि ते परत करायची मुदत संपायच्या आत करा. नुसतं कॉम्प्युटरला लावून ‘१२८ जीबी दिसतंय’ एवढ्यावर थांबू नका, तो आकडा कार्डानेच सांगितलेला असतो. कार्डावर ‘क्लास १०’ ही लिहिण्याच्या वेगाची खूण छापलीय, चकचकीत वेष्टन आहे, त्यालाही अर्थ नाही. छापायला काय लागतं? आणि मोठ्या कार्डाची गरजही नसते. प्रत्येक चित्र वेगळं साठवून जागा वाया घालवणारी माझ्या कॅमेऱ्याची मोशन-जेपीईजी पद्धतसुद्धा सेकंदाला तीन एमबीच्या आसपास लिहायची. खरं क्लास १० कार्ड सेकंदाला किमान १० एमबी लिहितं. म्हणजे ओळखीच्या कंपनीचं, तिच्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं ३२ जीबीचं साधं कार्ड घरगुती कामाला भरपूर झालं.

विक्रेत्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिथेही एक ठरलेली पद्धत दिसली. मी तक्रारीचा अभिप्राय लिहिल्यावर तासाभरात अतिशय नम्र उत्तर आलं. कार्ड फॉरमॅट करून बघा. केलं. मग म्हणाले, नवीन फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, पाठवतो, दोन दिवस थांबा. थांबले. मग म्हणाले, वस्तू तुमच्याकडेच राहू द्या, आम्ही थोडी रक्कम परत करतो, फक्त अभिप्राय काढून टाका. मी नकार दिला तेव्हा पाठवायचा खर्च तुम्ही करा म्हणाले, आणि पत्ता परदेशातला. या सगळ्यात परतीची मुदत दोन दिवसांनी उलटून गेली होती. ती उलटावी म्हणूनच हे चाललं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. खराब वस्तू हातात पडली तर विक्रेत्याशी चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी साइटवर परतीची अधिकृत विनंती टाका, बोलणं नंतर चालू ठेवा. मी फोटो आणि चाचणीचे निकाल जोडून थेट साइटकडे तक्रार केली तेव्हा अर्धे पैसे मिळाले. ते पान महिन्याभरात नाहीसं झालं. तोच कॅमेरा नव्या नावाने अजून विकला जातोय.

कोणी विचारलं, मग घ्यायचा काय? माझं उत्तर, नव्या खोट्या फोर-केपेक्षा जुना खरा १०८०पी बरा. नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला छोटा हँडीकॅम मी नंतर घेतला. त्याची बॅटरी थकलेली होती, ती बदलावी लागली. पण मॉडेल नंबर टाकला तर कंपनीच्या साइटवर त्याची पुस्तिका सापडते, झूम करताना भिंग खरंच सरकतं, आणि तीच छापील पानाची चाचणी केली तर अक्षरं वाचता येतात. आवाजासाठी बाहेरचा माइक लावायला जागा आहे का तेही बघा. म्हातारं माणूस हळू बोलतं, आणि खोलीतल्या पंख्याचा आवाज लहान माइक आधी पकडतो. हे मी आधी ध्यानातच घेतलं नव्हतं.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, “असू दे गं, परत सांगेन.” आणि तिने परत सांगितलंही. मावशीबद्दल सगळं सांगितलं, क्रमाने, काही न विसरता. नक्कल केली नाही. मीही आग्रह धरला नाही.

आता रेकॉर्डिंग झालं की मी कार्ड काढून लॅपटॉपला लावते, फाइली दोन ठिकाणी कॉपी करते आणि प्रत्येकीचा शेवटचा मिनिट चालवून बघते. आई तोवर खुर्चीतच बसून राहते. शेवटच्या फाइलमधला तिचा आवाज ऐकू आला की मगच उठते.