एमएसप्राइम की स्लिम? उलट्या काळाचा हिशेब

सह्याद्रीतल्या पालघाट खिंडीच्या उत्तरेचे आणि दक्षिणेचे बेडूक एकमेकांत किती मिसळले असतील, हा माझा प्रश्न. डीएनएचे क्रम हातात होते. काय घडलं असतं तर नेमके असेच क्रम मिळाले असते, ते संगणकावर घडवून बघायचं होतं. ते घडवून दाखवणारे एमएसप्राइम आणि स्लिम हे दोन्ही सिम्युलेटर फुकट आहेत आणि मी दोन्ही वापरतो, हे आधीच सांगून टाकतो.

एमएसप्राइम काळात मागे चालतं, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीसारखं. समोर बसलेल्या यजमानापासून सुरुवात, मग बाप, आजा, पणजा. ज्यांचा वंश बुडाला त्यांच्याकडे बघायचंच नाही. गणितज्ञ किंगमन यांनी १९८२ साली मांडलेल्या कोअलेसंटचं (वंशरेषा मागे जात सामायिक पूर्वजापाशी मिळतात, या मॉडेलचं) मर्म हेच, आणि वेगाचं गुपितही हेच. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चहा उकळेपर्यंत काम झालेलं असतं.

स्लिममध्ये काळ सरळ पुढे जातो. प्रत्येक पिढीतला प्रत्येक जीव जन्मतो, जोडीदार गाठतो, मरतो. नैसर्गिक निवड घाला, नकाशावरची अंतरं घाला, काहीही चालतं. एमएसप्राइममध्ये निवडीला जागा जेमतेमच. पण स्लिम वेळ खातं. समूह स्थिरावायला त्याच्या संख्येच्या साधारण दहापट पिढ्या धरतात, म्हणजे दहा हजार बेडकांसाठी लाखभर पिढ्या नुसता 'बर्न-इन'. (हा भाग नंतर एमएसप्राइमकडून भरून घेता येतो. हे मला फार उशिरा कळलं.)

एवढ्यावर कुणीही एमएसप्राइमच घेईल. मीही तेच घेतलं होतं.

अडलं ते स्थलांतरापाशी. उत्तरेचे बेडूक दक्षिणेत येतात, असं मला दाखवायचं होतं. 'सोर्स' (निघण्याची जागा) उत्तर, 'डेस्ट' (पोचण्याची जागा) दक्षिण, असं लिहून मोकळा झालो. पण तिथे सोर्स म्हणजे वंशरेषा मागे जाताना जिथून निघते ती जागा! साताऱ्याची मुलगी पुण्यात दिली, तर वंशावळ मागे वाचताना रेघ पुण्यातून साताऱ्याला जाते, तसं. म्हणजे माझे बेडूक दक्षिणेतून उत्तरेत चालले होते. दक्षिणेच्या छोट्या समूहातली जनुकीय विविधता काही केल्या वाढेना आणि मी आठ दिवस खऱ्या डेटावर संशय घेत बसलो. चूक माझीच, कागदपत्रांत सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. डीबगर (मॉडेलमध्ये काय लिहिलंय ते उलगडून दाखवणारं साधन) चालवला असता तर त्यानंही सांगितलं असतं. पण नंतरही दर वेळी ती ओळ लिहिताना हात थबकायचा, आणि मॉडेल लिहिताना डोकं बेडकांऐवजी व्याकरणात अडकणं मला मानवेना.

खरं तर स्लिममध्येही स्थलांतराच्या ओळीत आधी येतो तो स्वीकारणारा समूहच. फरक असा की तिथे खिडकीत समूह पिढी दर पिढी डोळ्यांसमोर बदलत जातो. उलटं काही लिहिलं असेल तर मला दहा मिनिटांत खटकतं.

अर्थात, निवडीचा प्रश्नच नसेल आणि हजारो रन हव्या असतील तर माझं ऐकू नका, एमएसप्राइमच घ्या. पण पहिल्यांदाच मॉडेल बांधत असाल, तर मी तरी स्लिमपासून सुरू करा म्हणेन. आणि काहीही निवडलंत तरी आधी एक समूह पन्नासाचा, दुसरा पाच हजारांचा ठेवा, स्थलांतर एकाच दिशेनं उघडा, आणि विविधता कुठे वाढते ते बघा.