आठ महिन्यांनंतर: हवामान ॲपची प्रो वर्गणी आणि छेदातला चुकीचा अर्धा तास

वर्गणी नव्याने भरा असा निरोप आला, तोही वाढीव रकमेचा, म्हणून हे लिहितोय. नाव देत नाही. आयएफआरवाले (ढगांतही उपकरणांच्या आधारे उडणारे) खासगी वैमानिक ज्या तीन-चार ॲपांवरून भांडतात, त्यांतलंच एक. मेटार (विमानतळावरचं ताजं हवामान), टॅफ (तिथला अंदाज), हवामानाची संगणकी मॉडेलं, मार्गाचा उभा छेद (वाटेवरचे ढग आणि डोंगर बाजूने दाखवणारं चित्र), सगळं त्यात आहे.

खटकलं ते एकच. मॉडेलचे टप्पे यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ, आपल्याहून साडेपाच तास मागे) पूर्ण तासाला येतात, म्हणजे ०९ यूटीसी आपल्याकडे दुपारी २:३०. बाकी पानांवर तसंच दिसतं. छेदात मात्र ३:००! ऑक्टोबरात हे महागात पडतं. सकाळ लख्ख, दुपारी गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या मागे घाटावर ढग फुगतात आणि पूर्वेचा वारा त्यांना किनाऱ्याकडे लोटतो. २० नॉटने सरकणारा सीबी (गडगडाटी ढग) अर्ध्या तासात १० सागरी मैल कापतो. दाबोळी ते मोप, हे गोव्याचे दोन विमानतळ, सरळ रेषेत जेमतेम २२.

मॉडेलला गडगडाट अर्ध्या तासापर्यंत कुठे कळतो, असं कोणी म्हणेल. खरंय. पण पैसे घेणाऱ्याने मॉडेलच्या चुकीत आपली भर कशाला घालायची? तक्रारीला तीनदा एकच उत्तर: ‘उपकरणाची वेळ तपासा.’

उपाय फुकटचा आहे: सेटिंगमध्ये सगळंच यूटीसीवर टाका. टॅफ यूटीसीत, फ्लाइट प्लॅनचा ईओबीटी (निघायची अंदाजित वेळ) यूटीसीत. मग टॅफमधला ‘टेम्पो ०९१२/०९१५’ (तात्पुरता बदल) म्हणजे ९ तारखेला १२ ते १५ हे थेट छेदावर ठेवता येतं. टेम्पोतला प्रत्येक झटका तासाच्या आतला आणि सगळे मिळून निम्म्याहून कमी वेळ, हे बरोबर. तरी तो नेमका आपण पोचताना येणार असं धरूनच इंधन घ्या. आणि दाबोळीचा कोड व्हीओजीओ, मोपचा व्हीओजीए. शेवटचं अक्षर दोनदा वाचा.

आता उलटं. पावसाळ्यात याच छेदाने पैसे वसूल केले. गोव्याला पर्यायी विमानतळ म्हणून हात आधी बेळगावकडे जातो, कारण जवळ आहे. पण छेदात ढगाचा पाया समुद्रसपाटीपासून दिसतो आणि खाली डोंगरही. पाया ३,००० फूट, बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी सुमारे २,५०० फुटांवर. हातात उरले ५००. मेटारमधली उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवले की घोळ होतो. शिवाय गोव्यात पाऊस पाडणारा पश्चिमेचा वाराच घाट चढून बेळगावात ढग उतरवतो. हुबळी लांब, पण घाटाच्या पर्जन्यछायेत आणखी आत, म्हणून बहुधा मोकळी. लांबचा पर्याय म्हणजे तिथवरचं इंधन, वर ४५ मिनिटांचं राखीव. ॲव्हगॅस (लहान विमानांचं पेट्रोल) सगळीकडे मिळत नाही, तेव्हा परतीचंही धरा आणि मग वजन पुन्हा मोजा.

रडारसाठी मात्र या ॲपला एक पैसा देऊ नये. हवामान खात्याच्या गोवा डॉप्लरचं चित्र फुकट आहे. फक्त चित्रावरची वेळ आधी बघा.

भर: मजकूर तयार झाल्यावर नवी आवृत्ती आली. छेद आता २:३० दाखवतो. विजेटवर अजून ३:००. वार्षिक वर्गणी मी बंद करतोय. जून ते सप्टेंबर महिन्याच्या हिशेबाने घेईन.